डोया कुठं संपतो

वरोरा

माझ्या प्रबंधाचा विषय दोनदा परत आला होता. पहिल्या वेळी समितीच्या अध्यक्ष सरांनी कागदावर 'विषय स्पष्ट करा' एवढाच शेरा मारला. दुसऱ्या वेळी समोर बसवून सांगितलं, "झाडीकडचं बोलणं म्हणजे बोली नव्हे. ते अशुद्ध मराठी आहे. अशुद्धाचा अभ्यास करत नाहीत, ते दुरुस्त करतात."

सर वाईट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिसऱ्यांदा समितीपुढे जायचं तर मला एक गोष्ट दाखवून द्यावी लागणार होती. ती म्हणजे हे बोलणं कुठंही, कसंही बिघडलेलं नाही. त्याला नियम आहे आणि त्याला हद्द आहे. अमुक गावापर्यंत असं बोलतात आणि तमुक गावापासून तसं, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे होतं. हाताशी हिवाळ्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस होते. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती.

मी स्वतः झाडीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली, नागभीडजवळच्या खेड्यातली. नागपूरच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. वर्गात माझं बोलणं ऐकून कोणी मला झाडीतली म्हटलं नसतं, आणि या गोष्टीचा मला मनातून अभिमान होता हे इथे कबूल केलेलं बरं.

सोबत होत्या व्हेस्नाबाई. आमच्या विभागात तीन महिन्यांसाठी पाहुण्या म्हणून आलेल्या, युगोस्लाव्हियातल्या, सर्बियाच्या. वय पंचावन्नच्या आसपास, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट, खांद्याला टेपरेकॉर्डर. त्यांचे आजोबा आर्मेनियन. लहानपणीच देशोधडीला लागून ते सर्बियात आले आणि तिथलेच झाले. बाईंनी सगळी हयात सर्बियन आणि आर्मेनियन या दोन भाषांच्या बोली शेजारी शेजारी ठेवून तपासण्यात घालवली होती. हिंदी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे कंडक्टरला "कृपया दो टिकट प्रदान कीजिए" म्हणत. त्याने दोन वेळा त्यांच्याकडे पाहिलं आणि तिकिटं अगदी अदबीने दिली.

बसमध्ये त्यांनी मला त्याच हिंदीत दुधाची गोष्ट सांगितली. "आमच्याकडे पूर्वेला दुधाला म्लेको म्हणतात. पश्चिमेला डोंगराकडे म्लिएको. आणखी काही गावांत म्लिको. तिन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं. माणसाने दूध मागितलं की तो कुठला ते कळतं. तुझ्याकडे असा शब्द कोणता?"

मी म्हटलं, "डोळा. पुस्तकात डोळा. वरोऱ्याकडे 'ळ'चा 'य' होतो, डोया. आमच्या झाडीत 'ळ'चा 'र' होतो, डोरा. सकाळ, सकाय, सकार. काळा, काया, कारा."

"आणि 'य' कुठं संपतो?"

"तेच तर कोणाला माहीत नाही," मी म्हटलं.

वरोऱ्याला कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना कापूस उडून बाभळींना लटकला होता. आम्ही जवळच्या एका खेड्यात गेलो. मी वही उघडली आणि एकेका माणसाला विचारत सुटले, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. दिवस मावळेपर्यंत वहीत सतरा उत्तरं होती. सोळा जणांनी 'डोळा' सांगितलं होतं. एका आजोबांनी तर 'नेत्र' सांगितलं.

व्हेस्नाबाई खूप हसल्या. "एका दिवसात सतरा प्राध्यापक सापडले," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "चूक त्यांची नाही. तू रेडिओसारखं बोलतेस. रेडिओशी कोण घरच्यासारखं बोलेल?"

मला ते लागलं. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेचणीच्या वावरात गेलो. पाच-सात बाया कमरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या. बाईंनी मला बजावून ठेवलं होतं, आज एकही प्रश्न विचारायचा नाही. मीही ओटी बांधली. बाजूला सखूबाई नावाची, माझ्या आईच्या वयाची बाई होती. तिचे दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर चालायचे. माझं एक बोंड सुटेपर्यंत तिची मूठ भरलेली असायची. बोंडाची वाळली पाकळी टोचून माझी बोटं रक्ताळली. आणि मग वारा सुटला, आणि कचऱ्यासकट काहीतरी माझ्या डोळ्यात गेलं.

मी खालीच बसले. तोंडातून निघालं, "माय व, डोऱ्यात गेलं."

बारा-चौदा वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता. कुठे दडून होता कोण जाणे.

सखूबाई धावत आली. तिने माझं तोंड वर केलं, पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ दिली आणि डोळ्यावर दाबला. दाबता दाबता म्हणाली, "डोऱ्यात नाई व पोरी, डोयात म्हन. डोयात गेलं. कोन्या गावची हायेस तू?"

"नागभीडकडली," मी म्हटलं.

"तरीच. मले वाटलं तू मास्तरीन हायेस."

सगळ्या बाया हसल्या. त्यानंतर त्या दिवसभर थांबल्याच नाहीत. माझा एकेक शब्द उचलून त्या आपला शब्द लावत गेल्या. मी 'सकारी' म्हटलं की चार जणी 'सकायी' म्हणायच्या. व्हेस्नाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून टेप फिरवत होत्या. जेवणाच्या वेळी सखूबाईने भाकरीवर जवसाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. तो खाऊन बाईंच्या नाकातोंडातून पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागितला. डोळा माझा संध्याकाळपर्यंत लाल होता. पण 'डोया' मिळाला होता, आणि 'डोरा'ही.

नागभीडच्या वाटेवर, माझ्या घरी

चिमूरमार्गे पूर्वेकडे निघालं की कापूस मागे पडतो आणि धान सुरू होतं. काळी माती पिवळसर होते, वावरांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं होतात, दर गावाला एक तलाव लागतो. हवेला धानाच्या तणसाचा वास येतो. आम्ही पुढचे तीन दिवस वाटेतल्या गावांत उतरत, तिथे जेवत, बायांच्या कामात हात घालत गेलो. 'य' आमच्या सोबत बराच दूर आला. मग एका गावी दोन्ही ऐकू येऊ लागलं आणि आमचा गोंधळ उडाला. कोण मूळचं, कोण लग्न होऊन आलेलं, कोण कामाला आलेलं, काही सुधरेना. हद्द जवळ आहे एवढंच कळत होतं.

म्हणून आम्ही माझ्या घरी मुक्काम टाकला. बाबा रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. छोट्या गाडीच्या रुळावर तीस वर्षं हातोडा घेऊन चाललेला माणूस. दारात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. बाबांनी व्हेस्नाबाईंना जयभीम केला, बाईंनीही हात जोडून तसाच उलट केला. मायने पाय धुवायला पाणी दिलं, मग प्यायला पाणी, मग चहा.

व्हेस्नाबाईंनी पिशवीतून काचेची बरणी काढली. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी चमचाभर मुरांबा आणि ग्लासभर पाणी देतात, असं त्यांनी सांगितलं, आणि पाहुण्या असूनही आम्हा सगळ्यांना आलुबुखारच्या मुरांब्याचा एकेक चमचा दिला. माय म्हणाली, "आपल्या आंब्याच्या साखरंब्यावानी लागते." मग तिने आपली पातोडीची कढी आणि लाखोरीची डाळ पुढे केली. दुकानातल्या पोत्यावर 'लाखोळी' लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे कोणी तसं म्हणत नाही.

व्हेस्नाबाईंनी टेप पुढे सरकवला. बाबांनी तो पाहिला.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, माय बोलते ते भरून घ्यायचं आहे.

"आमच्या घरचं बोलणं त्यात भरू नको," बाबा म्हणाले. "बाहेरचं जे घ्यायचं ते घे."

मी वाद घातला, हेच तर माझं काम आहे म्हणाले. बाबांचा आवाज चढला नाही. ते माझ्याशी नेहमी बोलत तसं, शाळेतल्या मराठीत बोलले.

"तुला शाळेत घातलं तेव्हा मी ठरवलं होतं, ही पोरगी पुस्तकातल्यासारखी बोलेल. बोलण्यावरून लोक आधी गाव ओळखतात. मग गावातली वस्ती ओळखतात. मग पाण्याचा ग्लास वेगळा येतो. मी ते पाहिलं आहे. तू पाहू नये म्हणून मी स्वतः तुझ्याशी दुसरं बोललो नाही. आता तू तेच गोळा करून शहरात नेऊन दाखवणार?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. व्हेस्नाबाईंना शब्द कळले नाहीत, पण काय चाललंय ते कळलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी हिंदीत सांगितलं. मग त्या बाबांकडे वळल्या. बाबांची हिंदी रेल्वेतली, त्यांची पुस्तकातली. तरी दोघांचं आपसात बरं जमलं.

"माझ्या आजोबांनी तुमच्यासारखंच केलं," त्या म्हणाल्या. "आर्मेनियन बोललो तर लोक विचारतील कुठून आलात, कोण आहात. म्हणून ते मुलांशी फक्त सर्बियन बोलले. मी तिशीत पुस्तकातून आर्मेनियन शिकले. मोठ्या ऐटीने आजोबांच्या म्हाताऱ्या बहिणीला भेटायला गेले. आमच्या भाषेच्या दोन मोठ्या बोली आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची. पूर्वेचे लोक घराला 'तुन' म्हणतात आणि दाराला 'दुर'. पश्चिमेचे लोक घराला 'दुन' म्हणतात आणि दाराला 'थुर'. त चा द आणि द चा थ. पुस्तक पूर्वेचं होतं, आजी पश्चिमेची. मी म्हटलं, तुमचं घर छान आहे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, लेकी, तू चांगली बोलतेस, पण आपल्या घरचं बोलत नाहीस."

बाबा ऐकत होते.

"आणि सर्बियनचं म्हणाल," बाई पुढे म्हणाल्या, "तर आम्ही दक्षिणेकडचे. आमच्या बोलीत विभक्त्या कमी. राजधानीत शिकायला गेले तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्याला वर्ग हसायचा. मी चूप राहायला शिकले. पुढे एक दिवस नकाशात पाहिलं, आमची बोली किती गावांवर पसरली आहे, तिचे नियम किती पक्के आहेत. त्या दिवसापासून मी हसणाऱ्यांना विचारते, तुम्हाला नियम माहीत आहे का? त्यांना माहीत नसतो. मला असतो."

बाबांनी पान वाढून घेतलं, जेवले आणि अंगणात जाऊन बसले. मला वाटलं, विषय संपला.

रुळावर

सकाळी मी उठले तेव्हा बाबा डोक्याला रुमाल बांधून तयार होते. त्यांनी माझा नकाशा खाटेवर पसरला होता.

"तू रस्त्यारस्त्यानं शोधून राह्यली," ते म्हणाले. "रस्त्यावर सगळे मिसळते. रुळानं चाल."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बाबा माझ्याशी असं बोलत नव्हते. मला आठवतं तेव्हापासून कधीच नाही.

"आमच्या गँगीत दोन्हीकडचे होते," ते सांगत होते. "नागपूरच्या अंगाचे 'डोया' म्हनत. आम्ही 'डोरा'. जेवाच्या सुट्टीत एकमेकाले चिडवत होतो. कोन्या गावचा कोन कसा बोलते, मले तोंडपाठ हाय. तीस वर्सं त्यांच्याच जवर बसून जेवलो. बोलन्यावरून मी बी मानूस ओरखतो न व. लोकच ओरखते असं थोडी हाय."

त्यांनी 'ओरखतो' म्हटलं. स्वतःहून, माझ्यापुढे. मी खाटेवरचा नकाशा घडी करून पिशवीत ठेवला. व्हेस्नाबाईंनी बूट घातले.

नागभीडच्या पश्चिमेला आम्ही रुळाच्या कडेने निघालो. बाबा पुढे. त्यांची चाल रुळांखालच्या लाकडी स्लीपरांच्या मापाची झाली होती. एक पाऊल, एक स्लीपर, न चुकता. आम्ही दोघी मागून अडखळत होतो. वाटेत बाबा बोलत होते, इथे पुरात भराव वाहून गेला होता, इथे गव्याने गाडी अडवली होती. जिथे वस्ती दिसे तिथे ते खाली उतरत, कोणाला तरी हाक मारत. सगळीकडे त्यांच्या ओळखीचा कोणीतरी निघे. "काऊन गा, कसा हायेस," असं सुरू झालं की मला काहीच विचारावं लागत नसे. पहिल्या चार गावांत 'र' होता, स्वच्छ, एकही अपवाद नाही.

दुपारी एक नाला आला. अलीकडे एक टोला, म्हणजे दहा-बारा घरांची वाडी, पलीकडे गाव, मधे लहानसा पूल. बाबा पुलाच्या अलीकडे थांबले.

"इथी," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"त्या गावचे दोघे माह्या गँगीत होते. 'सकायी' म्हनत. या टोल्यावरचा एक होता. तो 'सकारी' म्हने. चाल, दाखवतो."

टोल्यावरच्या पहिल्याच घरी एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती आणि तिची सून चुलीपुढे होती. आम्ही ओसरीवर बसलो. बाबांनी विचारलं, घरधनी कुठं गेला?

"सकारीच गेला बांधीत," म्हातारी म्हणाली.

आतून सून म्हणाली, "सकायी कुठी? आत्ता त गेला."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "पाहा. वीस वर्सं झाली येऊन. नाल्यापलीकडची हाय, अजून सुदरली नाई."

"मी सुदरली," सून हसत बाहेर आली. "तुमच्यासंग 'डोरा' म्हनतो न मी. माहेरी गेली का 'डोया' म्हनतो. तिथी 'डोरा' म्हटलं त बहिनी मले झाडपी म्हनते."

म्हातारी माझ्याकडे वळली. "लेकरं कशी बोलते माईत हाय का? माह्याजवर खाऊ मागाचा असन त 'जवर ये' म्हनते. मायजवर मागाचा असन त 'जवय ये'. हुशार हाय."

मी भराभर हिंदीत सांगत होते. व्हेस्नाबाईंचा चेहरा असा उजळला होता की म्हातारीने मला हळूच विचारलं, हिला झालं तरी काय. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही त्यांनी असं एक घर पाहिलं होतं. नवरा म्लिएको मागायचा, बायको म्लेको द्यायची, आणि पोरं कोणाकडे दूध मागायचं ते पाहून शब्द निवडायची. तीस वर्षांत तसं दुसरं घर त्यांना भेटलं नव्हतं. ते इथे भेटलं, या नाल्याच्या काठी.

त्यांनी टेप मागे फिरवून म्हातारीला तिचाच आवाज ऐकवला. ती आधी दचकली. मग कान लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"हे त मी हाव," ती म्हणाली. "चांगली बोलतो न व मी."

आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो. पहिल्या घरी 'सकायी'. दुसऱ्या घरी 'सकायी'. दहा घरं झाली, सगळी 'य'. परत अलीकडे आलो, टोल्यावरची उरलेली घरं घेतली. सुना सोडल्या तर सगळीकडे 'र'. बाबा प्रत्येक घरापुढे हात मागे बांधून उभे राहत, आणि उत्तर आलं की माझ्याकडे पाहत. विसाव्या घरानंतर मी पुलावर वही ठेवली आणि नकाशा उघडला. बाबांनी पेन्सिल घेतली आणि नाल्याच्या बाजूने एक रेघ ओढली. गँगमनची रेघ, सरळ आणि ठाम. मग रुळाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला आणखी चार गावं सांगितली, तिथून ती कशी वळेल ते.

आम्ही पुढच्या चार दिवसांत ती चारही गावं आणि त्यांच्या आजूबाजूची गावं पाहिली. तीन ठिकाणी रेघ त्यांनी सांगितली तिथेच होती. चौथ्या ठिकाणी ती एक गाव पूर्वेकडे सरकली, कारण त्या गावात दुष्काळात पश्चिमेकडून लोक येऊन वसले होते. हेही बाबांनाच आठवलं.

गडचिरोली

पूर्वेकडे 'र' कुठवर जातो ते पाहायला आम्ही दोघीच वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे गेलो. तिथे जंगल अंगावर येतं. साग, ऐन, मोह, आणि मधे मैलोन्‌मैल माणूस नाही. एका गोंड कुटुंबाकडे दुपारी थांबलो. घरात गोंडी, बाजारात मराठी, असा त्यांचा व्यवहार. घरधनीणीने पाण्याला 'येर' म्हटलं, आणि मला ते कळलं नाही तेव्हा मराठीत म्हणाली, "पानी. जवरच्या झिऱ्याचं हाय, थंडगार."

जवरच्या. जी भाषा तिने बाजारात शिकली, ती आमच्या 'र'सकट शिकली होती. ज्याला सर अशुद्ध म्हणत होते ते या बाईने पूर्ण नियमासह उचललं होतं. व्हेस्नाबाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

परत येताना बस बिघडली आणि आम्ही दोन तास रस्त्याकडेला बसलो. तिथे मी विचारलं, आपलं 'करून राह्यलो' कसं वाटतं? पुस्तकात 'करतो आहे'.

"आर्मेनियनमध्ये अगदी हेच भांडण आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वेचा माणूस म्हणतो, लिहिण्यात आहे मी. पश्चिमेचा क्रियापदापुढे एक छोटासा आवाज लावतो आणि काम भागवतो. दोघंही आत्ता लिहीत आहेत. दोघांचंही पत्र पोचतं."

बस सुरू झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बसा बाई, दुरुस्त करून राह्यलो होतो." आम्ही दोघी एकदम हसलो. त्याला कारण कळलं नाही.

नागपूर

समितीपुढे मी नकाशा उलगडला. त्यावर बेचाळीस गावं होती आणि मधून एक रेघ. मी सांगितलं, या रेघेच्या पश्चिमेला 'ळ'चा 'य' होतो, पूर्वेला 'र'. चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. मग नाल्याकाठच्या सासू-सुनेचा टेप लावला. सासू सुनेबद्दल म्हणते, अजून सुधरली नाही, तिथे समितीतले दोघं हसले. सर हसले नाहीत. ते पुढे वाकून ऐकत होते.

त्यांनी तासभर प्रश्न विचारले. सुनांची उत्तरं वेगळी का मोजली, त्या एका गावात रेघ का सरकली, शिकलेल्यांचं बोलणं कसं ओळखलं. मी एकेकाचं उत्तर दिलं. एका प्रश्नाला मी बोलता बोलता "मले वाटते" म्हणून गेले. थांबले नाही, दुरुस्तही केलं नाही.

शेवटी सरांनी चष्मा काढला. "मी याला अशुद्ध म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते मागे घेतो. विषय मंजूर." मग नकाशाकडे बोट करून विचारलं, "ही रेघ इतकी अचूक कोणी आखली?"

"माझ्या वडिलांनी. ते रेल्वेत गँगमन होते."

"मग खाली आभारात लिहू नका," सर म्हणाले. "नकाशावर लिहा. रेखांकन, आणि त्यांचं पूर्ण नाव."

व्हेस्नाबाई त्याच आठवड्यात आपल्या देशी गेल्या. महिनाभराने नकाशा छापून आला, त्या शनिवारी मी छोट्या गाडीने घरी गेले आणि तो बाबांच्या हाती दिला. मायने शेजारच्या दोन बायांना बोलावून आणलं. कोपऱ्यातलं नाव मी वाचून दाखवलं. मायने ते मला पुन्हा वाचायला लावलं. शेजारणींनी बोट लावून अक्षरं पाहिली.

बाबांनी नावाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग चष्मा लावून ते रेघ तपासू लागले, वरून खालपर्यंत, गावागणिक, ओठ हलवत. पुलाजवळ त्यांचं बोट थांबलं.

"इथी छापनाऱ्यानं चूक केली," ते म्हणाले. "नाला टोल्याच्या या अंगानं वरते. मले पेन्सिल दे."